ज्याची गाडी उभी, त्याला आधी

चांगला पॉइंट गार्ड कसा ओळखायचा, असं कुणी विचारलं की मी आधी उंची मोजायची पट्टी बाजूला ठेवायला सांगतो. बास्केटबॉल म्हटलं की लोक ताडमाड पोरं शोधत फिरतात. ती लागतातच, नाही असं नाही. पण बॉल पुढे घेऊन येणारा, कोण कुठे उभा आहे ते पाहणारा आणि योग्य वेळी योग्य हातात बॉल देणारा तो पॉइंट गार्ड. त्याला उंचीपेक्षा डोळे लागतात आणि डोळ्यांपेक्षाही शांत डोकं लागतं. कॉलेजात मी याच जागेवर खेळलो. डोळे बरे होते, शांत डोक्याच्या नावानं मात्र ठणठणाट. ज्याच्याशी पटायचं त्याला बॉल द्यायचो आणि ज्याच्याशी वाजलं त्याला अख्खा हंगाम कोरडा ठेवायचो.

नव्वदच्या दशकात मी वर्ध्याच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. मुलींचा बास्केटबॉल संघ मी आपण होऊन गळ्यात बांधून घेतला होता. शाळेमागे सिमेंटचं कोर्ट होतं, दोन रिंगा होत्या आणि त्यातल्या एकीलाच जाळी होती. शाळा सुटली की पाच वाजता सराव सुरू व्हायचा, आणि पाच वाजून दोन मिनिटांनी माझं ओरडणं. नालवाडीपर्यंत आवाज जातो, असं मुली म्हणायच्या. मला त्यात काही गैर वाटत नसे. ओरडल्याशिवाय पोरं शिकत नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या समजुतीपायी एक मुलगी संघातून गेली. समुद्रपूरची होती, शिकायला वर्ध्यात मावशीकडे राहायची. उंच, नेम चांगला, पण जरा संथ. एका सामन्यात तिच्या हातून दोनदा बॉल सुटला आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तुझ्यापेक्षा तिथे खांब पुरला असता तर बरं झालं असतं." काही मुली हसल्या. तिने बॉल खाली ठेवला, अगदी हळू, घरंगळू नये म्हणून पायाने अडवून ठेवला, आणि पिशवी घेऊन निघाली. पुन्हा कोर्टवर आली नाही. परीक्षा झाल्यावर ती गावी परतली. अभ्यासामुळे सोडलं असेल, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो. स्वतःलाही तेच सांगत राहिलो.

त्यानंतर चौथ्या वर्षी आंजीहून येणारी मुलगी संघात आली. नववीत होती. आंजीला एसटीच्या थांब्यालगत तिच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. पास काढून ती रोज वर्ध्याला यायची आणि सराव संपला की धावत जाऊन गाडी पकडायची. उंची म्हणाल तर माझ्या खांद्याखाली. पण पहिल्याच दिवशी मी चकित झालो. बॉल आपटत चालताना ती बॉलकडे बघतच नव्हती. हे शिकवायला माझी दोन-दोन वर्षं जातात, आणि ही पोरगी घरूनच शिकून आली होती. मी त्याच दिवशी ठरवलं, आपला पॉइंट गार्ड हीच.

आणि मग माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. कारण तिला सगळं दिसायचं, पण बॉल भलतीकडेच जायचा. रिंगखाली एखादी मोकळी उभी असायची आणि ही तीन जणींच्या गराड्यात अडकलेल्या मुलीला बॉल द्यायची. एकदा नाही, दहादा. मी ओरडायचो, "आंधळी आहेस का?" ती मान खाली घालायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आणखी वरच्या पट्टीत जायचो.

दोन महिन्यांनी तिचे वडील शाळेत आले. स्वच्छ पांढरा सदरा, बोलणं मोजकं. म्हणाले, "सर, पोरगी घरी येते आन् जेवत नाई. विचारलं त् सांगत नाई. मले खेळाचं काही समजत नाई. तुमी म्हनता म्हनून जिल्ह्याच्या सामन्यापर्यंत ठेवतो. तवाही असंच राह्यलं त् मंग तिले खेळाले पाठवनार नाई. शाळा झाली का दुकानात बसन."

संध्याकाळी घरी हे सांगताना मी जरा घुश्शातच होतो. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "म्हणजे दुसरी."

"दुसरी काय?"

"एक समुद्रपूरची घालवलीत. आता ही दुसरी."

ती उठली, डब्यातून मूठभर खडीसाखर काढली, कागदात बांधली आणि माझ्या हातात ठेवली. "उद्यापासून सरावाला गेलात की एक खडा तोंडात टाकायचा. राग आला तर तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायचा नाही." गणिताच्या मास्तरावर अशी वेळ यावी! पण काय करणार, पुडी खिशात घातली.

पहिले काही दिवस माझे हाल झाले. गालात खडा, डोळे वटारलेले आणि तोंडातून नुसता हुंकार. मुलींना काही कळेना. एकीने विचारलं, "सर, दाढ दुखून राह्यली का?" मी मान हलवली. सगळ्यांनी दाढेवरचे उपाय सांगितले. लवंग, तुरटी, कुणाच्या आजीचा मंत्र. ओरडणं थांबलं, पण आंजीच्या मुलीचे पास सुधारले नाहीत. मी गप्प राहिलो तर ती मला आणखीच घाबरायला लागली.

शेवटी एका रविवारी मी आंजीला गेलो. सामन्यांना तीन आठवडे उरले होते. वडिलांना थोडा धीर धरा म्हणून सांगावं, एवढाच विचार होता. दुकानासमोर बरीच गर्दी होती आणि तराजूपाशी तीच उभी होती. वडिलांनी मला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला. मी बसून बघत राहिलो.

ती डाळ तोलत होती, कागदाचा पुडा बांधत होती, दोरा दाताने तोडत होती, आणि या सगळ्यात तिची नजर एकदाही हाताकडे गेली नाही. नजर समोरच्या माणसांवर. कोण आलं, कोणाच्या मागून कोण आलं, सगळं तिच्या डोक्यात. एका बाईने मध्येच हात पुढे केला तर म्हणाली, "काकू, थांबा नं जराशीक. पहिले हे आबाजी आले." काकू थांबल्या. बॉल न बघता आपटायचं ती कुठे शिकली, ते मला कळलं. आणि बॉल भलतीकडे का जातो, तेही कळलं. कोर्टवर जी आधी हात वर करायची, तिला ती आधी बॉल द्यायची. जी नंतर मोकळी झाली ती रांगेत मागे. दुकानातला न्याय तिने जसाच्या तसा कोर्टवर आणला होता, आणि मी तिला आंधळी म्हणत होतो.

हे तिला कसं सांगावं याचा विचार करत मी चहा पीत होतो, तेवढ्यात एसटी येऊन थांबली. कंडक्टर खाली उतरला. एक माणूस खिडकीतून आतल्या प्रवाशाला पिशवी सांभाळायला सांगून धावतच दुकानाशी आला. "पोरी, एक बिस्किटाचा पुडा आन् पाव किलो साखर, लवकर!" समोर सहा-सात जण उभे होते. कुणी काही बोललं नाही. उलट मघाच्या त्या काकूच बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "दे वं त्याले आंधी, गाडी उभी आहे त्याची." मुलीने हातातला पुडा तसाच ठेवला, त्याला सामान दिलं, तो पळाला, घंटी वाजली, गाडी गेली. पुन्हा रांग होती तशी सुरू झाली.

माझा चहा तसाच राहिला. मी तिला हाक मारली. "का गं, हा तर सगळ्यांच्या मागून आला होता. त्याला आधी कशाला दिलंस?"

तिला माझी कीव आली असावी. "सर, त्याची गाडी उभी होती नं. गाडी कोनासाठी थांबते का?"

"बरं. मग कोर्टवर रिंगखाली जी मोकळी उभी असते, ती किती वेळ मोकळी राहते?"

माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. हंगामभरात तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "एक क्षन, सर. मंग गाडी जाते तिची."

त्यानंतर सरावात मला फार बोलावं लागलं नाही. ती चुकली की मी एवढंच विचारायचो, "गाडी कोणाची उभी आहे?" आणि बॉल निघालेला असायचा. लगेच सगळं जमलं असं नाही. जुनी सवय मधूनच डोकं वर काढायची आणि खडीसाखरेची पुडी आठवड्यात संपायची. पण मुलगी घरी पुन्हा नीट जेवायला लागली, असा निरोप तिच्या वडिलांकडून आला. मला त्याचं फार बरं वाटलं.

जिल्ह्याचे सामने वर्ध्यातच होते. अंतिम सामन्याला तिचे वडील आले. भर दिवसा दुकान बंद करून आले, हे त्यांनी दोनदा सांगितलं. शेवटच्या काही सेकंदांत आम्ही एका गुणाने मागे होतो आणि बॉल तिच्या हातात होता. आमची कप्तान, संघातली सगळ्यात भरवशाची मुलगी, उजवीकडून केव्हाची हात वर करून ओरडत होती. तिच्यावर दोघी होत्या. डावीकडे रिंगखाली नालवाडीची मुलगी एकटी होती. चष्मा दोऱ्याने बांधलेली, बारीकशी, हंगामभरात जेमतेम चार बास्केट केलेली. तिच्याकडे कुणीच लक्ष दिलं नव्हतं, मीही नाही. आंजीच्या मुलीने मान उजवीकडे केली आणि बॉल डावीकडे दिला. इतका सुंदर पास मी आयुष्यात थोडेच पाहिले असतील.

नालवाडीच्या मुलीने बॉल झेलला, उडी मारली, फेकला. तो रिंगच्या कडेवर फिरला, दोनदा फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

खडा मी कडकन चावला. कप्तान असताना तिला कशाला दिलास, हे वाक्य अगदी जिभेवर होतं. नालवाडीची मुलगी खालीच बसली होती. आंजीची मुलगी आधी तिच्याकडे गेली, तिला हाताला धरून उठवलं, आणि मग सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. धापा टाकत होती. "सर, गाडी तिचीच उभी होती नं?"

बाकीच्या मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तोंडात साखरेचा नुसता चुरा.

"होय," मी म्हणालो. "तिचीच उभी होती. बरोबर दिलास."

मागून तिचे वडील आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "माल बरोबर हातात देल्ला पोरीनं," ते म्हणाले. "पुढं पुडी रस्त्यात फुटली त् दुकानदार काय करन? सर, उद्या पाठवतो तिले." उद्याचं सोडाच, ती पुढे विद्यापीठापर्यंत खेळली.

पण दुसऱ्या दिवशी पाच वाजले तरी ती आली नाही. नालवाडीची मुलगीही नव्हती. अर्ध्या तासाने दोघी फाटकातून आत शिरल्या. नालवाडीच्या मुलीचे डोळे सुजलेले, आणि आंजीच्या मुलीने तिचं मनगट घट्ट धरलेलं.

"ही येत नव्हती, सर. म्हने सगळे मलेच पाह्यतीन. मंग मी घरी गेलती तिच्या. म्हनून उशीर झाला."

उशीर केला की कोर्टाला पाच फेऱ्या, हा माझा नियम. मी काही बोलायच्या आतच दोघी पळायला लागल्या. दुसऱ्या फेरीला नालवाडीची हसत होती. मी फाटकाशी उभा राहून बघत होतो आणि मला एकच गोष्ट आठवत होती. चार वर्षांपूर्वी एक मुलगी बॉल पायाने अडवून निघून गेली, तिच्या मावशीचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं, आणि मी गेलो नव्हतो. चौदा वर्षांच्या पोरीला जे न सांगता कळलं, ते मला कळलं नव्हतं. मला माझी लाज वाटली, खरोखर लाज वाटली.

त्या रविवारी मी समुद्रपूरची एसटी पकडली. घर विचारत गेलो. ओसरीत दहा-बारा लहान मुलं पाटीवर गणितं सोडवत होती आणि ती एकाच्या शेजारी वाकून बसली होती. त्या मुलाची वजाबाकी तिसऱ्यांदा चुकली. तिने पाटी पुसली आणि म्हणाली, "पुन्हा कर बापा, मी आहो इथीच." मग तिने वर पाहिलं.

पाणी दिलं, बसा म्हणाली. मुलांना पाठवून दिलं. मी पाठ करून नेलेलं काही आठवेना. म्हणालो, "तेव्हा मी तुला जे बोललो ते चूक होतं. मी तेव्हाच यायला हवं होतं."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "अजूनही वरडता का, सर?"

मी खिशातली पुडी काढून तिच्यासमोर उघडली आणि बायकोची अट सांगितली. ती आधी हसली, मोठ्याने हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. तिने एक खडा उचलून तोंडात टाकला. मीही एक टाकला. ते विरघळेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.