दिव्यांची नोंदवही

माझे धाकटे दीर रुग्णालयाच्या सर्व्हरच्या खोलीत एकोणीस वर्षं होते. रुग्णांचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी, कोण दाखल झालं, कोणाला डिस्चार्ज मिळाला, सगळं ज्या डेटाबेसमध्ये साठवलं जाई, त्याची राखण त्यांच्याकडे होती. मी त्याच इमारतीत तळमजल्यावर, जुन्या केसपेपरांच्या कक्षात होते. घरी मी त्यांची वहिनी. ऑफिसात मात्र आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोलायचो, कारण वशिल्याची कुजबुज मला खपत नसे.

रुग्णालयात त्यांना ‘कंडक्टर’ म्हणत. दर महिन्याला हातात कागद घेऊन ते विभागाविभागातून हिंडत आणि ‘जागा करा, जागा करा’ म्हणत. एक्स-रेवाल्यांनी एकच फोटो चार वेळा ठेवलेला असे, लॅबवाल्यांनी तीन वर्षांपूर्वीच्या चाचणी फायली जपलेल्या असत. ‘डिस्क म्हणजे माळा नव्हे, ढकललं की मावलं,’ असं ते म्हणत. लोक हसत, पण जागा करून देत. भर उन्हाळ्यात ते तपकिरी स्वेटर घालून यायचे. खोली यंत्रांसाठी गार ठेवलेली असे आणि त्यांचा खोकला जुना होता.

काही बिघडलं की ते कधी धावत जात नसत. आधी तीन गोष्टी विचारत: जागा संपली का? काम थांबलंय की नुसतं रखडतंय? आणि कधीपासून? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत ते कीबोर्डला हात लावत नसत. ‘डॉक्टरसुद्धा ताप कधीपासून ते विचारूनच गोळी देतो,’ म्हणत.

त्या खोलीत माणसाच्या उंचीचं एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात ओळीने पाच डिस्क. प्रत्येकीवर मुगाएवढा दिवा, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे ती डिस्क गेली. पाचांतली एक गेली तरी उरलेल्या चौघी मिळून काम ओढतात, पण तेवढ्यात नवी बसवली नाही आणि दुसरीही गेली, तर सगळं थांबतं. दिवा पिवळा झाला की त्यांच्या फोनवर आपोआप निरोप यायचा. ऑफिसची मेलची व्यवस्था बदलली तेव्हापासून तो यायचा बंद झाला. त्यांनी तीन अर्ज केले, तिन्ही कुठल्याशा टेबलावर निजले. म्हणून त्यांनी एक नोंदवही घातली. रोज सकाळी दिवे बघायचे, रंग आणि वेळ लिहायची, सही करायची.

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. बारा दिवसांची रजा. मदतनिसाची जागा दोन वर्षं रिकामीच होती. वही घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

‘वहिनी, एवढं एक काम कराल? या रुग्णालयात माझा विश्वास दोघांवरच आहे. एक यूपीएस आणि दुसऱ्या तुम्ही.’

‘आधी यूपीएस?’

‘तो उलटून बोलत नाही.’

मग हसायचं थांबवून ते म्हणाले, ‘तुमच्या डायरीत एक दिवस कोरा नसतो. दादा गेला त्या दिवशीचंही पान भरलेलं आहे. दुसऱ्या कोणाला सांगू?’

दादा म्हणजे माझे यजमान. ते ऐकून मला बरं वाटलं हे कबूल करते. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर वहीतली खाडाखोडही खपवून घेत नसत, आणि त्या शिस्तीचा मला आयुष्यभर तोरा होता.

सोमवार ते गुरुवार मी रोज तिसऱ्या मजल्यावर गेले. चष्मा पुसून पाचही दिवे पाहिले आणि लिहिलं: सर्व हिरवे, सकाळी ९.०८. शुक्रवारी आमच्या कक्षात तपासणी होती. केसपेपरांचे गठ्ठे जमिनीवर मांडले होते आणि मला हलता येईना. वही सोयीसाठी मी खालीच आणून ठेवली होती. ती उघडली आणि लिहिलं: सर्व हिरवे, ९.१०. दुपारी जाऊन बघू, असं मनाशी म्हटलं. दुपारी गेले नाही. शनिवारी तपासणी संपली होती, तरी गेले नाही. चार दिवस हिरवे होते, आता काय होणार आहे, असं वाटलं. जिना चढायचा कंटाळा, एवढंच खरं कारण. दुसरं काही सापडलं असतं तर मी आज ते आनंदाने लिहिलं असतं.

रविवारी मला सुटी असे. सोमवार, मंगळवार, बुधवार मी टेबलाशी बसूनच भरले. आणि वेळा बदलून लिहिल्या. ९.०५, ९.१२, ९.०७. सगळ्या सारख्या दिसल्या तर खोट्या वाटतील, हे मला न शिकवता सुचलं. घरी डायरीतही रोज लिहिलं, ‘दिवे पाहिले.’ त्या पानांवरचं अक्षर नेहमीइतकंच सुबक आहे.

गुरुवारची ओळ मी साडेनऊला लिहून मोकळी झाले. अकरा वाजता सगळे पडदे गोठले.

रिपोर्टच्या खिडकीशी रांग वाढत गेली. ऑपरेशन थिएटरमधून रक्ताच्या रिपोर्टसाठी फोनवर फोन येऊ लागले. कोणीतरी म्हणालं, ‘बंद करून चालू करा,’ आणि वीजतंत्र्याने कपाटाचं बटण दाबून ते बंद करून परत चालू केलं. काही झालं नाही. मग भाऊजींना घरून बोलावलं. ते काळा चष्मा लावून, एका डोळ्यावर पट्टी, माझ्या जावेचा हात धरून आले.

मीही वर गेले. दोन आणि चार नंबरच्या डिस्कवर पिवळे दिवे होते. मी ते खोलीच्या दारातूनच पाहिले. आठवडाभरात पहिल्यांदा.

भाऊजींनी खुर्ची ओढली आणि विचारलं, ‘जागा?’

‘निम्मी रिकामी आहे,’ लॅबच्या बाई म्हणाल्या. त्या तिथे सर्वांत जुन्या होत्या आणि तोंडाने फटकळ. ‘आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, आज थांबलंय, पण सोमवारपासून रखडत होतं. एक रिपोर्ट उघडायला माझा चहा पिऊन व्हायचा.’

‘तुमचा चहा अर्धा तास चालतो.’

‘चालतो. पण या वेळी दोन कप झाले.’

भाऊजी हसले नाहीत. कपाटात कुठली डिस्क कधी गेली याची नोंद आपोआप राहते, पण त्या जुन्या कपाटातली ती नोंद बंद-चालूमध्ये पुसली गेली होती. वीजतंत्री कोपऱ्यात उभा राहून पकडीशी चाळा करत होता. अधीक्षक डॉक्टर दारात येऊन म्हणाले, ‘किती वेळ?’

‘साहेब, दोन्ही डिस्क एकदम गेल्या असतील तर वीज हलली असणार. मग दोघींना परत उठवता येईल, वीस मिनिटांत सुरू. पण एक आधी गेली असेल, तर तिला उठवणं म्हणजे आठवडाभर बेशुद्ध असलेल्या माणसाला आजची बातमी विचारण्यासारखं आहे. ती जुनं नव्यात कालवेल. तसं असेल तर एकेक डिस्क वेगळी काढून तपासावी लागेल. पाच-सहा तास.’

‘पाच-सहा तास? थिएटरमध्ये माणूस झोपवलाय.’

भाऊजी माझ्याकडे वळले. काळ्या चष्म्यातून ते कुठे पाहत होते कळत नव्हतं. ‘वहिनी, वही?’

मी वही दिली. त्यांनी ती उघड्या डोळ्याजवळ नेली.

‘या म्हणतात सोमवारपासून रखडतंय. तुम्ही रोज वर येऊन पाहिलंत ना?’

खोलीत सात माणसं होती. यंत्रांचा पंखा घरघरत होता. ‘नाही’ हा एवढासा शब्द, आणि डिस्क तपासायला पाच-सहा तास मिळाले असते.

मी म्हणाले, ‘रोज पाहिलं. वेळ लिहिली आहे की.’

‘वहिनींनी लिहिलंय म्हणजे झालं,’ ते म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही डिस्क उठवल्या.

वीस मिनिटांत पडदे सुरू झाले. कोणीतरी टाळीही वाजवली. मग लॅबच्या बाईंनी एका म्हाताऱ्याचा रिपोर्ट उघडला, तर त्यात एका बाळंतिणीचे आकडे होते. दुसरा उघडला, तो अर्धाच. भाऊजींनी लगेच सगळं थांबवलं, पण तोवर जुनं नव्यात कालवून झालं होतं. दोन्ही डिस्कवर आता विश्वास ठेवता येत नव्हता. हातात उरली ती रविवारची प्रत, जी दर आठवड्याला काढून वेगळ्या कपाटात ठेवत. सोमवार ते गुरुवार गेले. थिएटरमधलं ऑपरेशन पुढे ढकललं. साठाहून जास्त लोकांना परत रक्त द्यायला बोलावलं. त्यांत दीड महिन्याचं एक बाळ होतं. त्याची शीर सापडेना. त्याचं रडणं खाली माझ्या कक्षापर्यंत आलं. मी एका गठ्ठ्याची नाडी सोडली, परत बांधली, परत सोडली.

चौकशी झाली. समितीने मलाही बोलावलं. नोंदी तुमच्याच का, विचारलं. मी हो म्हणाले. दुसरा प्रश्न आला नाही. माझ्या वहीवर शंका घेणं कोणाला सुचलंच नाही. निष्कर्ष निघाला की, रखडण्याची तक्रार समोर असताना डिस्क न तपासता घाईने निर्णय घेतला. भाऊजींना सर्व्हरच्या खोलीतून काढून चादरींच्या भांडारात बसवलं.

ते वादाला गेले नाहीत. स्वेटर मात्र घालत राहिले. मी दर रविवारी त्यांच्या घरी जात राहिले, गप्पा मारत राहिले. दोन वर्षं.

एका शनिवारी आम्हा दोघांचीही रजा होती. सकाळी मी गेले, तेव्हा ते अंघोळीला गेले होते. जाऊ भाजी चिरत होती. टेबलावर कागद पसरले होते, आणि प्रत्येकावर पाच चौकोन, बाण, आकडे.

‘हे काय गं?’

‘काय म्हणजे? रोजचंच,’ ती म्हणाली. ‘जेवण झालं की हेच. माझं कुठे चुकलं, माझं कुठे चुकलं. मी म्हणते, घाई नडली, सोडून द्या आता. तर म्हणतात, घाई नव्हती, हिशेब बरोबर होता, मग रिपोर्ट का कालवले गेले? वेड लागेल हो यांना, वहिनी.’

भाऊजी डोकं पुसत बाहेर आले. मी उभी राहिले आणि सांगितलं. शुक्रवारपासून वर गेले नाही. वेळा मनाने लिहिल्या. तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोलले.

जावेची विळी थांबली. भाऊजी खाली बसले. रागावण्याआधी त्यांनी पेन्सिल उचलली.

‘शेवटचे दिवे कधी पाहिलेत? खरंखरं?’

‘गुरुवारी. आदल्या आठवड्यातल्या.’

‘म्हणजे एक त्या गुरुवारनंतर कधीतरी गेली. सोमवारी रखडायला लागलं.’ त्यांनी चार नंबरच्या चौकोनावर रेघ मारली, मग खोडून दोनवर मारली, मग पेन्सिल ठेवली. ‘आता कुठली ते कळायचं नाही. पण हिशेब बरोबर होता माझा.’

‘हो.’

‘दोन वर्षं मला वाटतंय, पट्टी होती डोळ्यावर, काहीतरी वाचायचं राहिलं असणार.’

मी ‘भाऊजी, चुकलं माझं’ म्हणाले. त्यांनी हाताने थांबवलं. ‘वहिनी, आत्ता नको. आत्ता मला तुमचा आवाज नको.’

जाऊ उठली, हात धुतले, माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. इतक्या वर्षांत ती मला कधी एकेरी बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. ‘लिहा. तारखांसकट. आणि ऑफिसात कोण नेणार, तुम्ही की मी?’

‘मी. सोमवारी.’

‘आज शनिवार. साडेबारापर्यंत उघडं असतं.’

मी लिहिलं आणि पायी गेले. बारा वाजून दहा मिनिटांनी हेडक्लार्कने माझ्यासमोर त्यावर शिक्का मारला.

चार महिन्यांनी भाऊजींवरचा शेरा रद्द झाला. निवृत्तीला सात महिने उरले होते. ते परत त्या खोलीत गेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फोनवरचा निरोप सुरू करून घेतला. मला लेखी समज मिळाली, पण मी तोवर निवृत्तच झाले होते.

त्यांच्या निरोप समारंभाला मला बोलावलं होतं. मी मागच्या रांगेत बसले. लॅबच्या बाई बोलल्या, ‘आमच्या कंडक्टरने शेवटी सर्वांना जागेवर बसवलं,’ असं काहीबाही, आणि लोक हसले. मग नवे अधीक्षक उठले. त्यांना जुनं फारसं माहीत नव्हतं, फाइल वाचून आले असावेत. ते म्हणाले, या प्रसंगी एका ज्येष्ठ कर्मचारी भगिनींचाही उल्लेख करायला हवा. कोणी विचारलं नसताना पुढे येऊन सत्य सांगायला फार मोठा प्रामाणिकपणा लागतो. त्यांनी माझ्याकडे हात केला.

टाळ्या वाजल्या. मी व्यासपीठाकडे पाहिलं. भाऊजी खुर्चीत बसले होते, मांडीवर नारिंगी फुलांचा गुच्छ, दोन्ही हात गुच्छावर. ते हात त्यांनी उचलले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. त्या टाळ्या संपेपर्यंत मी खाली, पुढच्या खुर्चीच्या पायाकडे बघत राहिले.