सिमेंटातलं जातं

बायकांचा इतिहास जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं, हे मला आजही धड सांगता येत नाही. सुरुवात बचतगटाच्या एका सभेत झाली. गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं, आम्ही सगळे नव्या वसाहतीत आलो होतो, आणि एकीनं सहज विचारलं, जुन्या गावातलं कोणाकडे काय उरलंय? दुसऱ्याच दिवशी माझ्या ओसरीवर सुपं, लुगडी, मुसळं, फोटो येऊन पडले. मी शाळेतून निवृत्त झालेली, वेळच वेळ. झाले संग्रहवाली! ओसरी पुरेना तेव्हा समाजमंदिरामागची खोली मिळाली. मग मी मोबाइलवर आठवणी आणि गाणीही भरून घ्यायला लागले.

एका म्हाताऱ्या मावशींनी आपलं जातं दिलं. वर म्हणाल्या, "गानं नोका मांगू, बाई. जातं फिरल्याशिवाय मले आठवत नाही."

सवडीनं बघू, म्हटलं. तेवढ्यात खोलीतून कोणाचा तरी पाणी भरायचा तांब्याचा गुंड चोरीला गेला आणि माझं डोकंच फिरलं. मिस्त्री बोलावला, ओटा बांधला आणि जातं दोन्ही दगडांसकट सिमेंटात पक्कं बसवून टाकलं. पाहुणे आले की मी आधी तेच दाखवायची.

दोनेक वर्षांनी मावशी नातीच्या लग्नाची हळद दळायला आल्या. त्यांनी खुंट्याला हात घातला. जातं हलेना.

"काहून नाही फिरत हे?"

मी चोरीचं सांगितलं. त्यांनी ओट्याच्या सिमेंटावरून बोट फिरवलं.

"धरणानं सोडलं होतं, बाई. तुमीच बुडवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिस्त्रीला छिन्नी घेऊन पुन्हा बोलावलं. कडेचा टवका उडाला, पण दगड सुटले. ऑटोत घालून जातं त्यांच्या अंगणात नेलं. हळद पडली, जातं घरघरलं, मी मोबाइल सुरू केला. गाण्याच्या दोन ओळी आल्या. तिसरी येईना. मावशींनी पुन्हा पहिलीपासून धरलं आणि तिथंच अडल्या. गाणं त्यांच्या आईचं, त्यामुळे शेजारणींनाही ठाऊक नव्हतं.

"इतके दिवस हात नाही लागला ना," त्या उलट मलाच समजावत होत्या.

खोलीतला ओटा अजून रिकामाच आहे. पाडावा की राहू द्यावा, मला कळत नाही. इथे काय होतं, असं पाहुणे विचारतात. मी मोबाइल लावते. दोन ओळी, आणि मग नुसती घरघर.