नाव नसलेली सही

ती केस आठवली की आजही माझी मान ताठ होते. मी तेव्हा शहापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. किन्हवलीच्या पलीकडच्या एका पाड्यावर विहिरीच्या पाण्याला उग्र वास मारायचा, पोरांच्या अंगावर फोड आले होते. वरच्या अंगाला रासायनिक कंपनी. तपासणीला गेलं की सगळं चकाचक. पाड्यावरची एक बाई मला तोंडावर म्हणाली, "साहेब, तुमी येता, बघता नि जाता. आमी प्यायचं काय?"

कंपनीत तोंड उघडायची सोय नव्हती. एक कामगार बोलला होता. त्याची नोकरी गेली आणि मुरबाडच्या भर बाजारात त्याला मारही बसला.

अशात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेल्या ऑनलाइन तक्रार सेवेवर खबर आली. कंपनीचं सांडपाणी लपवलेल्या पाइपातून ओढ्यात सोडतात, पाइप कुठे आहे ते ठाऊक नाही. खाली डिजिटल सही होती, पण नाव नव्हतं. आमचे हवालदार वैतागले. "नाव नाय, गाव नाय, हिला सही कशी म्हनायची?"

सायबर शाखेच्या मॅडमनी समजावलं, "ही सही माणसाच्या नावाची नाही, ओळखीतल्या एका गोष्टीची आहे. सही करणारी व्यक्ती या कंपनीच्या प्लांटमध्ये काम करते, एवढंच ती सिद्ध करते. बाहेरच्या कुणाला ती करताच येत नाही. आतल्या कुणी केली, हे मलाही शोधता येणार नाही."

मला तेवढं पुरे होतं. निनावी पत्रं कुणीही वैरापोटी टाकतं, ही खबर मात्र आतल्याच माणसाची होती. पाड्याच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल केला आणि मॅनेजरला चौकशीला बोलावलं.

गडी तयारीचा होता. पाइपाचं नाव काढलं की कानावर हात. उलट खबर कुणी दिली म्हणून मलाच खोदत बसला. "नाव नका सांगू. बाई की पुरुष, तेवढं तरी सांगा." आमच्याकडे तेवढंही पुष्कळ असतं. 'अमक्या गावचा चष्मेवाला' म्हटलं की अख्खा तालुका माणूस ओळखतो.

मी म्हणालो, "मला माहीत नाही." अगदी खरं होतं, आणि त्याला तेच पटेना. शेवटी तो चिडला. "साहेब, मला येडा समजू नका. व्हॉल्व्हची चावी आम्हा तिघांकडेच असते. त्यातलाच कुणीतरी फुटलाय."

"मी पाइप म्हणालो होतो," मी म्हटलं. "हा व्हॉल्व्ह कुठून आला?"

त्यानंतर त्याला बोलतं करायला फार कष्ट पडले नाहीत. अटक केली, जागा दाखवतो हे त्याचं निवेदन पंचांसमक्ष लिहून घेतलं, म्हणजे मेमोरंडम पंचनामा झाला, आणि त्यानेच कुंपणालगतच्या रिकाम्या पिंपांखालची जागा दाखवली. व्हॉल्व्ह सापडला, पाण्याचे नमुने गेले, पाइप उखडला. पुढे शिक्षाही झाली.

पोलीस खबऱ्याचं नाव पोटात ठेवतो म्हणतात. आमची पोटं मोठी असतात, ते खरंच. पण वरून दबाव आला की भली भली पोटं फुटतात. जे नाव माझ्याकडे नव्हतंच, ते माझ्याकडून कोण काढणार?

कोर्टात बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारलं, "खबर कुणी दिली?"

"माहीत नाही."

"एवढी वर्षं नोकरी केलीत, आणि माहीत नाही?"

"नाही," मी शपथेवर म्हणालो. एरवी हे उत्तर देताना पोलिसाची जीभ जड होते. त्या दिवशी मला अभिमान वाटला. मागच्या बाकांवर कंपनीचे कामगार बसले होते, बायका होत्या, पुरुष होते. ते माणूस त्यांच्यातच असणार. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.