लीलाबाईंची लोखंडी कढई

कोपरा फाटलेलं कार्ड हातात आलं, तेव्हाच कळलं की कुणीतरी गेलं. आमच्या जुन्या गावाहून, बोरी अरबहून आलेलं, मजकूर एवढाच, की लीलाबाई गेल्या. सात वर्षांची माझी सुमी विचारते, "आई, कोन लीलाबाई?" ... काय सांगू? बये, तू आज प्रश्न विचारायला उभी आहेस ती त्यांच्यामुळे!

हे तिथे शाळामास्तर होते आणि लीलाबाई गावच्या नर्सबाई. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता. माझ्या सासूबाई त्यांना ओसरीच्या पुढे येऊ देत नसत आणि खोटं कशाला बोलू, मीही गप्पच बसत असे. सुमी सव्वा वर्षाची असताना तिच्या अंगावर लाललाल गांधी उठल्या. सासूबाई म्हणाल्या, माय आल्या अंगावर, म्हणजे देवी आली. झालं! दाराला कडुलिंब, देवीला चालत नाही म्हणून फोडणी बंद, लोखंडी कढई उलटी घातलेली, आणि पोरीला थंडावा म्हणून वाटीवाटी दूध. गांधी उतरायच्या, पुन्हा उठायच्या, की पुन्हा दूध. दीड महिना हेच चाललं. ओठ पांढरेफटक पडले, मान धरवेना. माझं एकुलतं एक लेकरू हातातून निसटत होतं आणि मी मेली वाटी भरत होते!

तेवढ्यात लीलाबाई लस टोचायच्या फेरीवर आल्या. ओसरीवरच सुमीची पापणी ओढून पाहिली.

"कवा उठते हे?"

"दूध पेल्यावर, घटकाभरात."

"अन् संध्याकाळी जाते? अवो मास्तरीनबाई, माय अशी येजा करते काय? हिले दूध सोसत नाई. अन् नुसत्या दुधात लोखंड कुठून येईन? अंगाले ते कणभरच लागते, पन तो कण नसला त रगत कायचं बनन? लोखंडाच्या कढईतली भाजी चारा हिले."

दारव्ह्याच्या डॉक्टरांकडे त्यांनीच धाडलं. त्यांनीही दूध बंद करायला लावलं, रक्त कमी आहे म्हणून औषध दिलं. पण सासूबाई काही कढई सुलटी करू देईनात. लीलाबाई म्हणाल्या, "राहू द्या, भांडू नोका. पोरीले माह्या घरी आना." मग रोज दुपारी मी सुमीला पदराखाली लपवून त्यांच्याकडे न्यायची. त्यांच्या लोखंडी कढईत अंबाडी शिजायची, हरभऱ्याची वाळलेली भाजी शिजायची, आणि त्यात भाकरी कुस्करून त्या स्वतः भरवायच्या. मी एकदा विचारलं, यानं दूध सोसेल का हो? "ते मले नाई ठाऊक, उगाच कायले फेका मारू? पन पोरगी उभी राहीन."

उभी राहिली! दूध आजही सोसत नाही तिला, पण तीन महिन्यांत ओसरीभर पळायला लागली. सासूबाई ते बघत होत्या, सगळं समजून होत्या. एका दुपारी मी निघाले तर म्हणाल्या, "उन्हाची कायले जातं? तिलेच बोलाव घरात." लीलाबाई पहिल्यांदा आमच्या चुलीपाशी बसल्या. पुढे आमची यवतमाळला बदली झाली तेव्हा त्यांनी ती कढईच माझ्या सामानात ठेवून दिली.

त्या दिवशी मी कार्ड सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या उठल्या, लीलाबाईंची कढई चुलीवरून उतरवली आणि कोपऱ्यात उलटी घातली. मी म्हटलं, "अवो, सुतक आपल्याले कुठं लागते? त्या आपल्या कोन होत्या?"

"पोरगी कोनाच्या हातची जगली?" एवढंच म्हणाल्या.

दहा दिवस घरात फोडणी पडली नाही. लीलाबाई असत्या तर रागावल्याच असत्या... अकराव्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वतः कढईला तेलाचा हात फिरवला, चुलीवर चढवली आणि सुमीला हाक मारली, "ये वं, अंबाडी निवडू लाग. लीलाबाईची भाजी करू."