पेटीवरचं लेबल

आमच्या देवगडातला हा आंब्याचा व्यापारी रोज सकाळी गावभर मोबाइलवरून सुविचार पाठवतो. पोरांच्या हातात मोबाइल दिसला की मात्र कपाळावर हात मारणार, "संस्कार म्हणून नाय!" आणि लगेच देवळाच्या दिशेने हात जोडून गाऱ्हाणं घालणार, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा" म्हणायला शेजारी म्हणून मी असतोच.

परवा त्याच्या शेडमध्ये गेलो. कर्नाटकातून आलेले आंबे पेट्यांत भरून झाले होते. मदतीला आलेली त्याची सोळा वर्षांची नात 'देवगड हापूस' लिहिलेल्या लेबलांचा गठ्ठा हातात घेऊन नुसतीच उभी होती.

"आजोबा, हे आंबे आपले नाय. मी लेबलां लावचंय नाय."

गठ्ठा खाली ठेवून ती निघून गेली.

ह्याने कपाळावर हात मारला. "बघलास मां? मोठ्यांचा आयकूक नको! बा देवा म्हाराजा, हिका बुद्धी दी रे म्हाराजा!"

आणि माझ्या जिभेची इतक्या वर्षांची सवय बघा. मी "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळा झालो.