चष्मेवाल्याची दूरची लेन्स

चष्मेवाल्याच्या बायकोचा एकही फोटो धड नव्हता. लग्नापासून प्रत्येक फोटोत कपाळाला आठ्या, फोटोवाल्याने जणू हिचं घोडं मारलंय. लेक चिडवायची, "आई, बाबांशी लग्न झाल्याचा राग अजून गेला नाही का?" सगळे हसायचे, तोही हसायचा, पण ते त्याला लागलं होतं. ही खरंच आपल्याबरोबर सुखी नाही की काय? एकदा तरी हिचा आठ्यांशिवायचा फोटो काढायचाच, असं ठरवून गडी आयुष्यातला पहिला कॅमेरा घ्यायला निघाला.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात तो अर्धा दिवस रमला. प्रत्येक लेन्स उजेडात तिरकी धरायची, आतल्या काचा मोजायच्या. "एवढ्याशा नळीत इतक्या काचा कशाला हो? आमच्याकडे एका डोळ्याला एक काच, काम फत्ते." दुकानदार बाई वैतागल्या नाहीत, हे नवलच.

बजेटात एक जुना कॅमेरा आणि एकच लेन्स बसत होती. बाई म्हणाल्या, "ही आखूड घ्या. घरातले फोटो काढायला हीच बरी." पण त्याची नजर लांबलचक नळीवर. "आमच्यात आधी दूरचा नंबर काढतात, मग जवळचा. दूरची आज नेतो, जवळची पुढच्या वर्षी बघू." आता याला कोण समजावणार?

घरी खोली केवढीशी. लेन्समधून कधी बायकोचा नुसता कान, कधी नुसता धूसर गाल. मागे सरकत सरकत स्वारी आधी जिन्यात गेली आणि शेवटी रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीच्या जिन्यात उभी राहिली.

तिथून ती दिसली. खिडकीत कपडे वाळत घालत गुणगुणत होती, कपाळ अगदी मोकळं. त्याला इतका आनंद झाला की बटण दाबायच्या आधी त्याने हात हलवला. तिने थेट त्याच्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. त्याचं तोंडच उतरलं.

"ओ, कोण आहे तिकडे?" ती ओरडली. "बायामाणसांकडे कॅमेरा रोखता, लाज नाही वाटत?"

"अगं, मी आहे."

"तुम्ही होय!" आवाज ऐकल्यावर ती हसली.

रस्ता अरुंद. त्याच्या अंगातला सदरा सकाळी तिनेच इस्त्री केलेला. तरी तिने ओळखलं नव्हतं. त्याने कॅमेरा खाली घेतला.

संध्याकाळी त्याने तिला आपल्या चष्म्याच्या दुकानातल्या खुर्चीत बसवलं. "समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर वाच."

"त्यात अक्षरं आहेत? मला वाटायचं, शोभेची नक्षी आहे."

गावाला चष्मे लावले आणि घरात पाहिलं नाही, असं स्वतःवर चरफडत त्याने तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम ठेवली. एकेक काच बदलत गेला. शेवटची काच बसवून तो तक्त्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि तिच्या आठ्या गेल्या. ती तक्त्याकडे नव्हे, त्याच्याकडे बघत होती.

"अहो, तुमचे केस एवढे कधी पिकले?" म्हणाली आणि खदखदून हसायला लागली.

त्याने घाईने कॅमेरा उचलला. इतक्या जवळून ती नळी काही जुळेना. मग कॅमेरा टेबलावर ठेवून तो नुसता तिच्याकडे बघत बसला.