नाल्याची बातमी

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांचा मला मनापासून राग येतो, आणि मी स्वतः त्यांतलीच एक आहे. ज्याने भावकीत दिवस काढलेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एका पंगतीत जेवूनही मनात दावा धरता येतो, तसंच हे.

आमचा क्लब ठाण्याचा. महिन्याला एक बैठक, वर्षातून एक संमेलन आणि बाकी सगळा संसार फोनवरच्या ग्रुपमध्ये. तिथे प्रत्येकाला हुद्दा होता. अध्यक्षाला सगळे कॅप्टन म्हणायचे. खजिनदार बाई म्हणजे इंधन अधिकारी. मी दळणवळण अधिकारी, म्हणजे दर रविवारी क्लबचं बातमीपत्र लिहिणारी. कुठल्या मालिकेचा पुढचा हंगाम रद्द झाला, कुठली जाडजूड कादंबरी मराठीत येतेय, ड्रॅगनवाल्या सिनेमाची झलक कधी दिसणार, कुठल्या लेखकाने शेवटच्या खंडासाठी वाचकांना पुन्हा एकदा टांगून ठेवलं. मी अंजूरजवळच्या एका गोदामात शिफ्टला असते. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खायचा आणि दुसऱ्या हाताने जगभरच्या बातम्या गोळा करायच्या, असं मी चार वर्षं केलं. मला ते फार आवडायचं, हेही सांगून टाकते. आठवड्याच्या मधेच एखादी मोठी घोषणा झाली, की ती आपल्या शब्दांत सगळ्यांना सांगेपर्यंत मला चैन पडायचं नाही.

या चार वर्षांत मी राहते कुठे, हे कोणी विचारलं नाही. एकदा मीच आपणहून भिवंडी म्हटलं, तर इंधन अधिकारी म्हणाली, "बापरे, तो रस्ता." तिथेच ते बोलणं संपलं. दिघाशीचं, माझ्या गावाचं, नाव घ्यायची वेळ कधी आलीच नाही.

आईला मात्र माझ्या या उद्योगाचा भारी अभिमान. "माजी पोर बातम्या लिवते," असं ती गावभर सांगत फिरायची. मी तिला पुष्कळदा समजावून सांगितलं, की त्या बातम्या वेगळ्या. सिनेमातल्या, पुस्तकातल्या, आभाळातल्या राक्षसांच्या.

"म्हंजे खोट्या बातम्या?" तिने एकदा विचारलं.

"खोट्या न्हाय गं. खऱ्याच, पन खोट्या गोष्टींच्या."

"मंग खऱ्याच ना," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

तिला बातमीची गरज होती, म्हणून ती अडून बसली होती. आमच्या शेताच्या कडेने एक नाला जायचा. पलीकडच्या जमिनीवर गोदामासाठी भराव टाकला आणि नाला त्याखाली गाडला गेला. गेल्या पावसाळ्यात पाणी शेतात तुंबलं, भाताची रोपं कुजली आणि एका सकाळी ते घरात शिरून चुलीपर्यंत आलं. अर्ज केले, सगळे मीच लिहिले. ग्रामपंचायतीत म्हणाले बघू. तहसीलला म्हणाले पंचायतीत विचारा. भिवंडीतल्या एका लहानशा पेपरवाल्याकडे गेले, तर त्याच्या टेबलावरच्या अंकात त्याच गोदाममालकाच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात. मी चहा न घेता परत आले. आईचा बातमीवरचा विश्वास मात्र ढळला नाही. "अर्ज कपाटात जातो," ती म्हणायची, "बातमी चार मानसांत जाते." येत्या पावसाच्या आत नाला मोकळा व्हावा, एवढं एकच तिला हवं होतं, आणि ते घडवून आणणारी पोरगी घरातच आहे अशी तिची समजूत होती.

हिवाळ्यात कॅप्टनला सिनेमा काढायची हुक्की आली. चाहत्यांनी चाहत्यांसाठी केलेला, छोटासा. पृथ्वी संपलीय, उरलेली माणसं एका उजाड ग्रहावर उतरतात आणि तिथे त्यांना रानटी जमात भेटते, अशी गोष्ट. उजाड ग्रह ठाण्यात कुठून मिळणार? तेव्हा त्याला आठवलं की आपली दळणवळण अधिकारी भिवंडीची आहे. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने मला फोन केला. मी हरखले. गोदामातून सुट्टी मिळत नव्हती, ती भांडून घेतली.

आधी मी त्यांना भिवंडीतल्या निजामपुऱ्यात नेलं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या वडिलांचे तिथे कापड विणायचे लूम आहेत, त्यांच्याकडे मी शब्द टाकला होता. आत शिरल्या शिरल्या मंडळी वेडी झाली. छपराला लोंबणारी कापसाची जळमटं, तेलाने काळी पडलेली जमीन, खडखडाटात एकमेकांशी हातवारे करून बोलणारे कामगार. "हे तर तयारच आहे, काही करावंच लागणार नाही," कॅप्टन म्हणाला. एकीने नाकाला रुमाल लावून स्वतःचा फोटो काढला. कामगारांना त्यांनी सांगितलं, कॅमेऱ्याकडे बघू नका, डोळ्यांत जीव नसल्यासारखे उभे राहा. ती माणसं ड्युटीवर होती, त्यांना उभं राहायला वेळ नव्हता, म्हणून ती काम करत राहिली. ते तर आणखीच आवडलं.

मैत्रिणीच्या वडिलांनी, म्हणजे चाचांनी, मला बाजूला बोलावलं. "बेटी, ये लोग क्या ढूंढ रहे हैं?"

"दुनिया खतम झाल्यावर कशी दिसेल, ते शोधतायत चाचा."

"तो इधर क्यूं आये?" चाचा म्हणाले आणि पाहुण्यांसाठी चहा सांगायला गेले.

दुपारी अर्धी मंडळी तिथेच चित्रण करत राहिली. चाचांनी माझ्या भरवशावर दार उघडलं होतं, तेव्हा मला तिथे थांबणं भाग होतं. कॅप्टन आणि कॅमेरावाला पुढे दिघाशीला गेले. लाल मातीचा तो ओसाड भराव त्यांना हवा होता. क्लबची माणसं येतायत, कॅमेरा घेऊन, चहापाण्याचं बघ, असं मी आईला फोनवर सांगितलं. तिने त्यातून एवढंच घेतलं की बातमीवाले येतायत.

संध्याकाळी मी पोचले तेव्हा आई अंगणात ठेवणीतलं पातळ नेसून बसली होती, आणि पावसाचा मागमूस नसताना तिच्या डोक्यावरून पाठीवर इरलं होतं. बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, लावणीच्या वेळी पावसापासून पाठ झाकायचं ते इरलं. हल्ली सगळे प्लास्टिक वापरतात, आमचं नुसतं पडवीत टांगलेलं असतं. कॅप्टनला ते दिसलं आणि परग्रहावरच्या प्राण्याचं कवच सापडल्याचा आनंद झाला. आईला वाटलं, पावसाच्या पाण्याची बातमी आहे, म्हणून इरलं घ्यायला सांगतायत. तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

"सगलं सांगितलं," ती मला म्हणाली. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. "नाला कसा बुजवला, कोनी बुजवला, पानी कुटवर आलं. त्यो पोरगा चांगला हाय. मधी बोलला न्हाय. नुसती मान हलवीत व्हता."

कॅप्टन गाडीत सामान भरत होता. "काकूंनी कमाल केली," तो म्हणाला. "काहीही बोला म्हटलं, तर थांबायलाच तयार नाहीत. आवाज काय आहे गं त्यांचा." मी त्याला म्हटलं, सिनेमाला काय हवं ते घे, पण तिचं बोलणं जसंच्या तसं मला वेगळं पाठव. ते लोकांपर्यंत जायला हवंय. पावसाच्या आत. "हो हो, पाठवतो ना," तो म्हणाला आणि आईच्या पाया पडला.

होळी गेली, पाडवा गेला. "आली का बातमी?" आई विचारायची. मी कॅप्टनला विचारायची. एडिटिंग चालू आहे, असं उत्तर यायचं, मग तेही येईनासं झालं. गरज सरो, वैद्य मरो. रविवारची बातमीपत्रं मात्र मी वेळेवर लिहीत होते आणि त्यांच्या सिनेमाची जाहिरातही त्यांत करत होते.

संमेलन मे महिन्यात भरलं. पुठ्ठ्याच्या तलवारी, चिकटवलेले टोकदार कान, घामाने भिजलेले झगे. एरवी मला त्या गर्दीत भरून यायचं. त्या दिवशी मी आईचं काय केलंय ते बघायला गेले होते.

पडद्यावर चाचांचा कारखाना दिसला आणि खाली अक्षरं उमटली, ‘शापितांचं नगर’. हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. मग आमच्या शेतापलीकडचा भराव. त्यावर पाठमोरी, कवच घातलेली एक आकृती. ती वळली, चेहरा काळोखात ठेवला होता, आणि बोलू लागली. आवाज खोल केलेला, घुमवलेला, वाक्यं मागेपुढे केलेली. खाली भाषांतर येत होतं, ‘मानवांनो, हा ग्रह तुम्हाला गिळून टाकील.’ मला ऐकू येत होतं, पानी चुलीपोतूर आलं. ‘आमच्या देवांना रक्त हवं आहे.’ रोपं कुजली, सगली कुजली. हॉलमध्ये सगळे मराठी बोलणारे बसले होते. शब्दही मराठीच होते. एकालाही ते मराठी वाटले नाहीत. तशी शंका यायला आधी कधीतरी त्या बोलण्याकडे कान द्यावा लागतो.

मला इतका संताप आला की डोळ्यांपुढचं दिसेना. शेजारची मुलगी म्हणाली, अंगावर काटा आला ना? मी हो म्हटलं.

सिनेमानंतर प्रश्नोत्तरं होती. पहिलाच प्रश्न भाषेवर आला, की ही परग्रही भाषा तुम्ही कशी तयार केली. कॅप्टन खुर्चीत पुढे सरकला. जमात मातीत राहणारी आहे, म्हणून आधी ओबडधोबड, घशातले आवाज निवडले, तो म्हणाला, मग हळूहळू व्याकरण रचत गेलो. लोक लिहून घेत होते.

मी उभी राहिले आणि माइक मागून घेतला. "ती भाषा तू रचलेली नाहीस," मी म्हटलं. "ती माझी आई आहे, दिघाशीची. ती काय बोलतेय ते मी सांगते." आणि सांगितलं. नाला, भराव, रोपं, चूल, पंचायत, सगळं तिने सांगितलं असेल त्या क्रमाने. शेवटी म्हटलं, पाऊस तोंडावर आलाय, तिचं मूळ बोलणं मला परत दे.

मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि बघता बघता सगळा हॉल उभा राहिला. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, प्रेक्षकांतून उठणारी दुभाषी वगैरे. कॅप्टन बेरकी माणूस. त्याने क्षणभर अंदाज घेतला, माझ्याकडे हात केला आणि म्हणाला, "आमच्या दळणवळण अधिकारी." हे नाटक नाही, असं मी माइकवर ओरडून सांगितलं. टाळ्या वाढल्या.

बाहेरच्या जिन्यात मी त्याला गाठलं. मूळ चित्रण कुठे आहे, विचारलं.

"जागा नव्हती गं, कच्चं सगळं उडवलं," तो म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घेतेस? काकू स्टार झाल्या."

त्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अस्सल दिघाशीचं होतं, आणि ते त्याला भाषांतराशिवाय समजलं.

त्या रविवारी मी शेवटचं बातमीपत्र लिहिलं. त्यात एकच बातमी होती, नाल्याची. एकाने खाली विचारलं, हे कुठल्या कादंबरीतलं? दुसऱ्याने पसंतीच्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं. मग इंधन अधिकारी बाईने ‘विषयाला सोडून आहे’ असं लिहून ते पुसून टाकलं आणि मला ग्रुपमधून काढलं. चार वर्षांत माझ्या एका ओळीलाही तिने कधी हात लावला नव्हता.

सिनेमा मी आईला दाखवला. न दाखवून काय करणार होते, ती रोज विचारत होती. पायरीवर बसून तिने फोन दोन्ही हातांत धरला आणि डोळे बारीक करून शेवटपर्यंत बघितला. नावं वर सरकून गेली तरी ती बघतच होती.

"आवाज माजा न्हाय," ती म्हणाली. "बोलनं माजं हाय. नाल्याचं कुटं हाय पन?"

"त्यात न्हाय."

"मी सांगितलं व्हतं."

"सांगितलं व्हतंस."

"मंग त्यांना कललं न्हाय?"

"न्हाय."

ती चिडेल, रडेल, मला बोल लावेल, अशी मी तयारी करून बसले होते. तिने फोन माझ्या हातात दिला. "मंग परत सांगते," ती म्हणाली. "लिव तू." आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली. नेहमीसारखी भरभर नाही. एकेक शब्द सुटा करून, परमुलखातल्या माणसाला समजावून सांगतात तशी. समोर मी बसले होते.

"आये," मी म्हटलं, "मला कलतं गं."

"तुला कलतं," ती म्हणाली. "पन तुज्या मानसांना न्हाय कलत." आणि ती तशीच सावकाश पुढे बोलत राहिली.